ग्रंथालयातली थंड खोली

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संगणकांची खोली कुठली, हे कुणाला विचारावं लागत नाही. जिच्या दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग असतो ती. आत एसी चालू असतो, कोपऱ्यातला यूपीएस मधूनच टीं करतो, दाराशी टेबलावर रजिस्टर असतं: नाव, विभाग, आल्याची वेळ, सही. समोर पांढरा पडदा आणि छताला प्रोजेक्टर, म्हणजे गरजेप्रमाणे हीच खोली वर्गही होते. एरवी तिथे कोण बसणार हे महिन्यावर ठरतं. परीक्षा जवळ आली की एमबीबीएसची मुलं उकाड्याला कंटाळून येतात आणि की-बोर्ड बाजूला सारून टेबलावर जाडजूड पुस्तकं मांडतात. थीसिसची सिनॉप्सिस द्यायची तारीख जवळ आली की पहिल्या वर्षाचे रेसिडेंट येतात. रात्रीची ड्यूटी संपवून, न झोपता, ॲप्रनच्या खिशात स्टेथोस्कोप कोंबून आलेले. बसतात, 'पबमेड' ही वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची उघडतात, शोधाच्या चौकटीत एक शब्द टाकतात आणि समोर आलेला चार-पाच आकडी निकाल बघून जांभई देतात.

प्रत्येकाच्या खिशात फोन आणि फोनमध्ये इंटरनेट असताना ही खोली कशाला, असं आता विचारलं जातं. ग्रंथपालही विचारतात, आणि खर्चाला मंजुरी देणारे तर आधी विचारतात. नियमात आहे म्हणून, हे एक उत्तर झालं. पण खोलीचं खरं काम यंत्रं पुरवण्याचं कधी नव्हतंच. वॉर्डात पडलेली शंका यंत्राला कळेल अशा प्रश्नात कशी बसवायची, हे तिथे शिकायचं असतं. ते फोनवर एकट्यानं होत नाही असं नाही. पण बहुतेकांचं होत नाही, हे त्या जांभईवरून दिसतं.

एक उदाहरण घेऊन बघू. आपल्याकडचंच घेऊ, कोकणातलं.

रेसिडेंटची अपघात विभागात ड्यूटी आहे आणि लाल विंचू चावलेला रुग्ण येतो. घामानं चिंब, हातपाय गार, नाडी जोरात, थोड्या वेळानं धाप. या विंचवाचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं, शरीरातली ॲड्रेनॅलिनसारखी रसायनं एकदम रक्तात ओतली जातात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी साचतं. वरिष्ठ म्हणतात, प्राझोसिन दे. प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी. दुसरे वरिष्ठ म्हणतात, हल्ली प्रतिविषही मिळतं, तेही दे. दोन्ही द्यायचं की एक पुरे? हा रेसिडेंट दुसऱ्या दिवशी त्या थंड खोलीत येतो आणि चौकटीत लिहितो: 'स्कॉर्पियन'.

निकालात विंचवाच्या विषातल्या प्रथिनांची रचना येते, मेक्सिको आणि इराणमधले विंचू येतात, वाळवंटातल्या नव्या प्रजातींची वर्णनं येतात. विंचू सापडला, रुग्ण हरवला. इथे शिकवणारा ग्रंथपाल, किंवा समजूतदार लेक्चरर, काहीही टाइप करण्याआधी कागद-पेन्सिल पुढे करतो. रुग्ण कोणता? नुसती वेदना असलेला नव्हे, तर विष अंगात भिनल्याची लक्षणं असलेला. उपाय कोणता? प्रतिविष अधिक प्राझोसिन. कशाशी तुलना? एकट्या प्राझोसिनशी. काय साधायचं? लक्षणं किती तासांत जातात ते. या चार खणांच्या पद्धतीला पिको म्हणतात. ती १९९५ साली मांडली गेली. तिच्या तीनच वर्षं आधी, १९९२ मध्ये, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराव्यावर आधारित वैद्यकाचा जाहीरनामा म्हणावा असा लेख छापला होता. वरिष्ठांनी सांगितलं म्हणून नव्हे, तर पुरावा काय आहे ते बघून औषध द्यावं, असा त्याचा सूर. तो सूर सगळ्या वरिष्ठांना आवडला नाही हे सांगायला नको.

चार खण भरून झाल्यावर तीच चौकट वेगळं काही देते. वर येतो तो २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला निबंध, आणि त्यावरचा पत्ता असतो महाड, जिल्हा रायगड. डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी सत्तर रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जणांची लक्षणं दहा तासांत पूर्ण गेली. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ जणांची. मराठी वाचकाला बावस्कर 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रातून माहीत असतात. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्र-रात्र जागून त्यांनी केलेल्या निरीक्षणांचा निबंध १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता आणि प्राझोसिनचा १९८६ साली. म्हणजे रेसिडेंटच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या कॉलेजपासून एसटीनं जाण्यासारख्या अंतरावर तयार झालेलं होतं. त्याच्या टेबलावर यायला मात्र ते लंडनच्या नियतकालिकातून आणि वॉशिंग्टनजवळच्या एका ग्रंथालयाच्या सूचीतून फिरून आलं.

आता याच शोधातली एक खोच बघा, कारण वर्गात यावर तासाचा अर्धा भाग जातो आणि जायलाच हवा. कोकणातला लाल विंचू शास्त्रीय नावानं पूर्वी ब्यूथस टॅम्युलस होता. मग तो मेसोब्यूथस टॅम्युलस झाला. २००७ साली वर्गीकरणतज्ज्ञांनी त्याला हॉटेन्टोटा या प्रजातीत टाकलं. विंचू तोच, विष तेच. पण आज नवं नाव घालून शोधणाऱ्याला जुने निबंध सुटू शकतात आणि जुनं नाव घालणाऱ्याला नवे. म्हणून तिन्ही नावं 'ऑर'नं जोडायची, त्यांना कंसात ठेवायचं आणि मग 'अँड' लावून औषधाचं नाव घालायचं. 'ऑर'नं निकाल वाढतो, 'अँड'नं कमी होतो. नवशिक्यांचं नेमकं उलटं होतं, कारण बोलण्यात 'आणि' म्हटलं की आपल्याला भर पडल्यासारखं वाटतं. 'नॉट' शक्यतो वापरूच नये. 'नॉट चिल्ड्रन' म्हटलं की मुलं आणि मोठी माणसं दोन्ही असलेला चांगला अभ्यासही हातचा जातो.

हे तर्काचं बीजगणित जॉर्ज बूल या गणितज्ञाचं, १८५४ सालच्या पुस्तकातलं. जाता जाता, बूलची बायको मेरी ही भारताचे सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. संगणकावर विंचू शोधताना हिमालयाचं नाव निघण्याचा तेवढाच योग.

एकाच गोष्टीच्या अनेक नावांचा हा गोंधळ यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्यावर उपाय शोधणारा माणूस शल्यविशारद होता. जॉन शॉ बिलिंग्ज. अमेरिकी यादवी युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया केलेला लष्करी डॉक्टर. युद्धानंतर वॉशिंग्टनमध्ये सर्जन जनरलच्या कचेरीतलं छोटं ग्रंथालय त्याच्याकडे आलं आणि त्यानं जगभरची वैद्यकीय नियतकालिकं जमवण्याचा सपाटा लावला. १८७९ मध्ये त्यानं 'इंडेक्स मेडिकस' सुरू केलं: जगात कुठे काय छापून आलं याची विषयवार मासिक सूची. बिलिंग्ज जनगणनेचंही काम बघत असे. माणसांचे तपशील कार्डावर भोकं पाडून यंत्रानं मोजता येतील, अशी कल्पना त्यानं तरुण हर्मन हॉलरिथला सुचवल्याचं हॉलरिथनंच सांगितलं आहे. हॉलरिथची यंत्रं १८९०च्या जनगणनेला लागली आणि त्याची कंपनी पुढे ज्या कंपनीत विलीन झाली तिचंच नाव १९२४ मध्ये आयबीएम पडलं. ग्रंथालय आणि संगणक यांची सोयरीक एवढी जुनी आहे, आणि ती एका डॉक्टरनं जुळवली.

बिलिंग्जचं ग्रंथालय १९५६ साली नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन झालं. निबंध इतके वाढले होते की हातानं सूची करणं आवाक्याबाहेर गेलं. १९६० साली ग्रंथालयानं 'मेश' नावाची विषयशब्दांची यादी काढली. गावात एखाद्याला तीन टोपणनावं असली तरी रेशनकार्डावर एकच नाव असतं, तसं हे. लेखक 'हार्ट अटॅक' म्हणो, 'कोरोनरी' म्हणो, सूचीत नोंद 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'खालीच. शिवाय शब्द वंशवृक्षासारखे मांडलेले, त्यामुळे वरची फांदी धरली की खालच्या सगळ्या डहाळ्या हातात येतात. आज या यादीत सुमारे तीस हजार मुख्य शब्द आहेत. पूर्वी हे शब्द प्रत्येक निबंधाला प्रशिक्षित माणसं वाचून लावत. २०२२ पासून ते मुख्यतः यंत्र लावतं, आणि माणसं त्यावर नजर ठेवतात.

१९६४ मध्ये ही सगळी सूची संगणकावर गेली. त्या यंत्रणेचं नाव मेडलार्स. आपल्या जुन्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत ग्रंथालयाला 'मेडलार आणि इंटरनेट' सोय असावी अशी जी अट असायची, ती हीच. मूळ यंत्रणा मोडीत निघाल्यावरही शब्द नियमांत टिकून राहिला आणि तपासणीच्या दिवशी तो मिरवणारी पाटी अनेक दारांवर दिसे. मेडलार्सला प्रश्न विचारायची रीत अशी: डॉक्टरनं अर्ज भरायचा, तो टपालानं जायचा, तिथला तज्ज्ञ ग्रंथपाल त्या प्रश्नाचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचा, बाकीच्यांच्या प्रश्नांबरोबर तो चुंबकीय फितीवर चालवला जायचा आणि उत्तराची छापील यादी काही आठवड्यांनी परत यायची. १९७१ मध्ये मेडलाइन आलं, दूरध्वनीच्या तारेवरून थेट. तरी चालवणारा ग्रंथपालच. आपल्याकडे १९८०च्या दशकात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) यांनी दिल्लीत केंद्र काढलं, तेव्हा मेडलाइनमधला शोध तिथे लिहून मागवावा लागे. मग काही कॉलेजांत सीडींवर मेडलाइन आलं आणि त्या सीडी कुलपात राहू लागल्या. २६ जून १९९७ रोजी पबमेड सर्वांना फुकट खुलं झालं. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी त्यावर पहिला शोध घेऊन दाखवला. आज त्यात ३ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत.

या घडामोडीत एक गोष्ट हरवली, ती सहसा सांगितली जात नाही. मेडलार्सच्या काळातला ग्रंथपाल अर्ज वाचून डॉक्टरला उलटा प्रश्न विचारायचा: तुम्हाला नक्की काय हवंय? माणसांतलं की प्राण्यांतलं? उपचार की निदान? कधीपासूनचं? डॉक्टर वैतागायचा, पण त्या उलटतपासणीत प्रश्न घासून नीट व्हायचा. पबमेड फुकट झालं, ग्रंथपाल मधून गेला, आणि त्याबरोबर ही उलटतपासणीही गेली. चौकट काहीच विचारत नाही. काहीही टाका, ती काहीतरी देते. संगणक खोलीचा वर्ग म्हणजे गेलेल्या त्या माणसाचं काम डॉक्टरला स्वतःला शिकवणं. हे ज्या कॉलेजांना कळलं तिथे खोली चालते. ज्यांना कळलं नाही, तिथे संगणक नवे असले तरी मुलं त्यांच्याकडे पाठ करून बसतात.

उलटतपासणी गेल्यानं काय होऊ शकतं याचं सगळ्यात गंभीर उदाहरण अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचं आहे. दम्याच्या संशोधनात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं रसायन श्वासावाटे दिलं जात होतं. निरोगी फुप्फुसं श्वासनलिका उघड्या कशा ठेवतात हे बघायचं होतं. ४ मे २००१ रोजी चोवीस वर्षांच्या एका स्वयंसेविकेनं, जी तिथेच प्रयोगशाळेत काम करायची, ते घेतलं. खोकला सुरू झाला, फुप्फुसं निकामी होत गेली आणि २ जूनला ती गेली. चौकशीत निघालं की आधीच्या संशोधनाचा शोध घेताना पबमेड आणि काही पाठ्यपुस्तकं पाहिली गेली होती. पबमेड तेव्हा साधारण १९६६ पर्यंतच मागे जात होतं. हेक्झामेथोनियम मात्र १९५०च्या दशकात रक्तदाबावरचं औषध होतं आणि ते घेणाऱ्यांच्या फुप्फुसांना इजा झाल्याचे निबंध त्याच काळात छापून आले होते. ते सापडले असते कपाटातल्या छापील सूचींत. चौकशीत इतरही त्रुटी निघाल्या, त्यामुळे सगळा दोष शोधावर टाकता येणार नाही. संमतिपत्रात धोके नीट सांगितलेले नव्हते, हेही त्यात होतं. जुलैमध्ये सरकारनं हॉपकिन्समधलं केंद्रीय निधीचं माणसांवरचं जवळपास सगळं संशोधन काही दिवस थांबवलं. आणि हॉपकिन्सचं मूळ रुग्णालय, १८८९ साली सुरू झालेलं, कुणाच्या आराखड्यावर बांधलं होतं? जॉन शॉ बिलिंग्जच्या.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं गप्प होतात, मग कुणीतरी विचारतं, 'सर, म्हणजे पबमेड चुकीचं?' चुकीचं नाही. त्याला कडा आहेत, आणि कडेपलीकडेही जग आहे, एवढंच. शोधापूर्वी विचारायचं: हे कोणत्या सालापासून आहे, यात कोणती नियतकालिकं नाहीत? मराठी-हिंदी सोडाच, भारतातली कितीतरी इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकंही मेडलाइनच्या सूचीत नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातून निघणारं, १९५५ सालचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणारी बरीच नाहीत. सर्पदंश, कुपोषण, सिकलसेल यांवरचं काम मुख्यतः इथलं असणार आणि इथल्याच अंकांत छापलेलं असणार. म्हणून दुसरी एखादी सूची, गूगल स्कॉलर, आणि सापडलेल्या चांगल्या निबंधाच्या शेवटची संदर्भयादी, या तिन्हींत हात घालायचा. संदर्भयादीतून मागे मागे जाणं कंटाळवाणं असतं आणि बहुतेक वेळा तेच कामाला येतं.

उलट्या बाजूचा धोकाही आहे. जे सापडलं ते मागे घेतलेलं असू शकतं. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १९९८ सालचा, बारा मुलांवरचा निबंध 'लॅन्सेट'नं २०१० मध्ये मागे घेतला. पण तो सूचीतून नाहीसा झालेला नाही. पबमेडवर उघडला तर वर लाल पट्टीत तसं लिहिलेलं दिसतं. फोनवर घाईत वाचणारा पट्टी न बघता खाली सरकतो. २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा मोठा निबंध 'लॅन्सेट'मध्ये २२ मेला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. मधल्या दोन आठवड्यांत तो जगभर फिरला होता. चॅटबॉट आल्यापासून आणखी एक प्रकार वाढला आहे. लेखक खरे, नियतकालिक खरं, साल पटण्यासारखं, आणि असा निबंध मुळात नाहीच. उपाय अगदी साधा आहे: प्रत्येक नोंदीला पबमेडचा क्रमांक असतो, तो चौकटीत टाकून बघायचा. सिनॉप्सिसमधले सगळे संदर्भ असे तपासायला अर्धा तास पुरतो. गाइडनं तो अर्धा तास मागितला पाहिजे. दुर्दैवानं सगळे मागत नाहीत.

संदर्भांवरून आठवलं. व्हँकुव्हर पद्धतीत संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमानं आकडे देतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरला १९७८ मध्ये काही वैद्यकीय संपादक जमले आणि त्यांनी एकसारखी पद्धत ठरवली, म्हणून हे नाव. थीसिसच्या शेवटच्या रात्री सातवा संदर्भ काढला की पुढचे सगळे आकडे बदलायचे, या छळातून झोटेरोसारखं फुकट सॉफ्टवेअर सोडवतं. संगणक खोलीतल्या सगळ्या शिकवण्यांत या एका तासाला हमखास गर्दी होते, कारण त्याचा फायदा त्याच आठवड्यात दिसतो. त्याच तासाला पिको आणि मेश घुसवणारे ग्रंथपाल मला हुशार वाटतात.

खोली कशी मांडायची याबद्दलही थोडं. बहुतेक ठिकाणी संगणक सिनेमागृहासारख्या रांगांत असतात, सगळ्यांची तोंडं पडद्याकडे. भाषणाला ते बरं. पण शोध शिकवताना शिकवणाऱ्याला मुलांचे पडदे दिसायला हवेत, आणि रांगांत त्याला फक्त चेहरे दिसतात. तीन भिंतींना लावून टेबलं ठेवली आणि मधे मोकळी जागा सोडली, तर एकाच नजरेत कळतं की कोण 'ऑर'च्या जागी 'अँड' घालून शून्यावर पोचलाय आणि कोण क्रिकेटचा स्कोअर बघतोय. दोघांत एक संगणक दिलेला चांगला. एक टाइप करतो, दुसरा 'हे का टाकलंस?' विचारतो, गेलेली उलटतपासणी थोडीफार परत येते. सामायिक संगणकावर रुग्णाचे फोटो आणि रिपोर्ट उतरवून तसेच सोडून जाऊ नयेत, खात्यातून बाहेर पडावं, हे रजिस्टरजवळ मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये नावासकट एमआरआय पडलेले असणं ही काही क्षुल्लक बाब नाही.

एमबीबीएसच्या मुलांची या खोलीशी गाठ वेगळ्या निमित्तानं पडते. औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत पूर्वी बेडूक, ससे लागत. आता पदवीच्या पातळीवर ते संगणकावर होतं. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये तयार झालेलं 'एक्सफार्म' त्यासाठी अनेक कॉलेजांत वापरलं गेलं. पडद्यावर सशाचा डोळा दिसतो, थेंब टाकायचा, बाहुली मोठी होते की लहान, प्रकाशाला प्रतिसाद देते की नाही, बघायचं आणि औषध ओळखायचं. शरीररचनेसाठी बिलिंग्जच्याच ग्रंथालयानं एक थक्क करणारं काम केलं. टेक्सासमध्ये मृत्युदंड झालेल्या, देहदान केलेल्या एका माणसाचा गोठवलेला देह त्यांनी एकेका मिलिमीटरनं खरवडत नेला, प्रत्येक थराचं छायाचित्र घेतलं आणि १९९४ मध्ये १,८०० हून अधिक थरांचा तो संच जगाला दिला. पुढच्या वर्षी एका स्त्रीदेहाचा संच आला, मिलिमीटरच्या तृतीयांश जाडीच्या थरांचा. पहिल्या संचाला सुमारे १५ गिगाबाइट जागा लागत होती, जी तेव्हा बहुतेक कॉलेजांच्या सगळ्या संगणकांत मिळूनही नव्हती. आज पडद्यावर फिरवायच्या कितीतरी शरीररचना-ॲटलासांच्या मुळाशी ही दोन माणसं आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आयसीएमआरच्या चेन्नईतल्या संस्थेचा बीसीबीआर नावाचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा आहे. तो पुरा करायलाही पुष्कळ जण इथेच येतात, कारण होस्टेलचं वाय-फाय.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. पबमेड फुकट आहे, पण ते सूची आहे. पूर्ण निबंध बहुधा प्रकाशकाच्या कुलपात. बावस्करांचा २०११ चा निबंध फुकट उघडतो, कारण ते नियतकालिक संशोधन खुलं ठेवतं. १९८६ चा 'लॅन्सेट'मधला दीड-दोन पानांचा मजकूर मात्र घरून उघडायला गेलं तर पैसे मागेल, आणि कॉलेजच्या नेटवर्कवरून उघडेल की नाही हे कॉलेजच्या वर्गणीवर ठरेल. थंड खोलीचा हा एक निखळ व्यावहारिक उपयोग: तिथला संगणक कॉलेजच्या पत्त्यावरून बोलतो, म्हणून कुलपं उघडतात. आयसीएमआरनं २००७ मध्ये उपचारांच्या पुराव्याचे आढावे देणारं कॉक्रेन ग्रंथालय साऱ्या देशासाठी खुलं करून घेतलं. दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं 'अरमेड' या नावानं सरकारी कॉलेजांसाठी एकत्रित वर्गणी चालवली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक संस्था. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटमार्फत.

पहिल्या टप्प्यात मात्र ती फक्त केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांना आहे. महाराष्ट्रात खासगी वैद्यकीय महाविद्यालयं थोडीथोडकी नाहीत, आणि त्यांच्या ग्रंथपालांना अजूनही दर वर्षी एकेका प्रकाशकाशी स्वतंत्र घासाघीस करावी लागते. काय मिळालं याची यादी खोलीच्या दारावर चिकटवलेली असते. नसेल तर मागावी, आणि यादीत नसलेला निबंध हवा असेल तर ग्रंथपालाला सांगावं. दुसऱ्या कॉलेजातल्या ओळखीच्या ग्रंथपालाला फोन करून पानं मागवणं हे त्याच्या नोकरीचं काम आहे, आणि विचारणारे कमी झाल्यामुळे हल्ली त्याला त्यासाठी वेळही असतो.